कढण आणि चोथा

डॉक्टरांनी आ-फंगच्या पायजम्याचा पाय गुडघ्यापर्यंत वर सारला आणि तिची पोटरी दोन बोटांत धरून मला दाखवली. धरण्यासारखं तिथे फारसं काही उरलं नव्हतं. ताइनान शहरातल्या आमच्या गल्लीत मी चाळीस वर्षं स्कूटर दुरुस्त केल्या. हवा गेलेली ट्यूब हाताला कशी लागते ते मला कुणी सांगायला नको. पण ही माझी बायको होती, आणि गेलं दीड वर्ष तिचं जेवण मीच रांधत होतो.

"वजन छान उतरवलंत, आजी," डॉक्टर म्हणाले, "पण चरबीबरोबर मांसही गेलं. रक्तातल्या प्रथिनांचा आकडा साडेतीन हवा, तुमचा दोन पूर्णांक सात आहे. अशात गुडघ्याला हात लावला तर जखम भरणार नाही. भरलीच तरी उभं राहायला पायात बळ नको का? तीन महिने देतो. प्रथिनं वाढवा, वजन वाढवू नका. मग बघू."

दीड वर्षापूर्वी याच माणसाने सांगितलं होतं, की पंधरा किलो उतरवा, म्हणजे दोन्ही गुडघे बदलू. आ-फंग सांगितलेलं ऐकणारी बाई आहे, फक्त माझं ऐकत नाही. अर्धी वाटी भात, उकडलेला पाला आणि वरची चरबी काढून टाकलेलं कढण, एवढ्यावर तिने चौदा किलो उतरवले. गल्लीतल्या बायका फोन करून तिला विचारायच्या, काय खातेस म्हणून. आणि आता म्हणे उतरायचं त्याबरोबर राहायचं तेही उतरलं. मला इतका संताप आला की डॉक्टरांच्या टेबलावरचा तो प्लॅस्टिकचा गुडघा उचलून खिडकीबाहेर फेकावासा वाटला. मी नुसती मान हलवली आणि "आभारी आहे" म्हणालो.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. त्या दिवशी दवाखान्यात न्यायला दोन माणसं खुर्ची घेऊन आली होती, आणि सात महिन्यांत ती खाली उतरली ती तेवढीच. गल्लीच्या तोंडाशी क्वान-यिन देवीचं देऊळ आहे. महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथल्या स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी बिनमांसाचं जेवण शिजतं, आणि खांबाजवळच्या खुर्चीत बसून शेंगा मोडणं हे आ-फंगचं काम. बावीस वर्षांत त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. आता ती बाल्कनीत बसून देवळाच्या छपरावरून वर येणारी वाफ बघायची आणि म्हणायची, "आज मुळा टाकलाय. वास बघ." तिला आणखी काही नको होतं. स्वतःच्या पायांनी जिना उतरायचा आणि त्या खुर्चीवर जाऊन बसायचं.

"मी नेतो की पाठीवर," मी म्हणायचो.

"म्हातारं माकड पाठीवर बायको घेऊन निघालंय, हे बघायला अख्खी गल्ली गोळा होईल. मी माझ्या पायांनी जाईन."

तिच्या खाण्याची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचा मुलगा च्येन-हुंग एकोणीस वर्षांचा असताना ट्रकखाली आला. अकरा दिवस डोळे उघडले नाहीत. बाराव्या दिवशी पहाटे आ-फंग देवीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, की पोराने डोळे उघडले तर जन्मभर माझ्या दाताखाली मांस येणार नाही. संध्याकाळी त्याने डोळे उघडले. आता तो सिंचूला नोकरी करतो, दोन मुलींचा बाप आहे, आणि कोंबडीचे पाय चघळत चघळत आईला फोन करतो.

शब्द 'दाताखाली' असा होता, आणि आ-फंगने तो वकिलासारखा पाळला. पहिल्या आणि पंधराव्या तिथीला घरात मांस शिजायचंच नाही. बाकीच्या दिवशी मांसाच्या भांड्यातली भाजी ती वेचून खायची आणि कढण प्यायची, कारण कढणाला दात लागत नाहीत. यावरून मी तिला पुष्कळ चिडवलंय. पण मनातून मला बरंच वाटायचं, की त्या वाटेने का होईना, हिच्या पोटात काहीतरी जातंय.

तर डॉक्टरांनी आम्हाला आहार सांगणाऱ्या मुलीकडे पाठवलं. वू तिचं आडनाव, माझ्या नातीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने आपला तळहात पुढे केला.

"आजी, दर जेवणाला एवढं. टोफू, सोयादुधाची साय, काळे सोयाबीन, अंडं, जे चालेल ते. तुमचं जेवण आहे लहान, त्यात नुसतं जागा अडवणारं काही चालणार नाही. आधी हे खायचं, मग भाजी, भात सगळ्यात शेवटी."

"कुणाच्या तळहाताएवढं?" मी विचारलं. माझा हात पान्याने रुंद झालेला.

"आजींच्या. तुमच्या नव्हे."

तिने मला तीन दिवसांचं सगळं लिहून आणायला सांगितलं. मी दुकानातल्या जुन्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं. रोज सकाळी विजेच्या भांड्यात काय काय टाकतो ते सगळं: काळे सोयाबीन एक वाटी, भुईमुगाचे दाणे मूठभर, सोयाची वाळवलेली साय चार पट्ट्या, आठ अळंबी, पाव कोंबडी. उकडलेली अंडी दोन. तिने आकडे यंत्रावर मांडले आणि वही पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"आजोबा, हे भरपूर आहे. हवं त्याहून थोडं जास्तच."

"मग?"

"मग ते जातं कुठे ते शोधायला हवं."

शोधलं. मूत्रपिंडातून गळत असेल म्हणून आ-फंगने दिवसभराची लघवी डब्यात धरली. यकृत बघितलं. पोटात नळी घातली, तेव्हा ती माझा अंगठा इतका घट्ट धरून होती की नखाखाली काळं झालं. दर वेळी त्या दोघा माणसांची खुर्ची, दर वेळी तिची ती खाली घातलेली मान. सगळं ठीक निघालं. एवढ्यात सहा आठवडे गेले, आणि आकडा दोन पूर्णांक सातवरून दोन पूर्णांक सहावर आला. मी तपासणाऱ्यांवर चिडलो, यंत्रावर चिडलो, कोंबडी विकणाऱ्याला जाऊन म्हणालो, की तुझ्या कोंबड्यांत दम नाही.

पुढच्या खेपेला वूने वही बाजूला ठेवली. "आजोबा, भांड्यातून आजींच्या वाटीत हे सगळं कसं येतं, ते मला सांगा. अगदी पहिल्यापासून."

सांगायला मला आवडलंच. माझी आई माझ्या बायकोच्या बाळंतपणात असंच करायची, आणि तिची आई तिच्या. सकाळी सातला सगळं आतल्या भांड्यात, बाहेरच्या भांड्यात पाणी, आणि त्या वाफेवर सहा तास. मधे तीनदा पाणी घालायचं. माल इतका शिजायला हवा की सगळा जीव पाण्यात उतरला पाहिजे. मग फडक्यातून गाळायचं, डावाने दाबून दाबून शेवटचा थेंब काढायचा, वरची चरबी कागदाने टिपायची. दोन वाट्या निघतात, काळ्याभोर, नितळ. एक दुपारी, एक संध्याकाळी.

वूचं पेन थांबलं होतं. "आणि फडक्यात राहतं ते?"

"चोथा? तो मी खातो. टाकवत नाही."

"सगळा?"

"सोया सॉस घालून. सुंभ चावल्यासारखा लागतो, पण आजारी माणसाला चोथा कसा द्यायचा?" आणि मी हिला किती जपतो ते तिला आणखी थोडं कळावं म्हणून मी म्हणालो, "अंड्यातला पिवळा भाग हिला बाधतो, असं मागे एका डॉक्टरने सांगितलं होतं. आणि नुसता पांढरा हिला आवडत नाही. म्हणून अंडीही शेवटी माझ्याच ताटात येतात."

ती माझ्याकडे बघत होती. माझा शर्ट दंडावर ताणलेला होता. एकाहत्तराव्या वर्षी माझा चेहरा असा तुकतुकीत आहे म्हणून देवळातल्या बायका मला हसतात.

"आजोबा," ती हळू आवाजात म्हणाली, "कढणात चव उतरते, मीठ उतरतं, आणखीही थोडंफार उतरतं. पण प्रथिनं मांसातच राहतात, दाण्यांतच राहतात. आजींचा वाटा गेलं दीड वर्ष तुम्ही खाताय."

मी बाजूला ठेवलेली वही ओढून घेतली आणि मिटली.

"दोष देत नाहीये मी. खूप घरांत असंच करतात. मीच आधी विचारायला हवं होतं."

तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. रोज त्या चोथ्यापुढे बसताना मला स्वतःचं कौतुक वाटायचं, की नवरा असावा तर असा. ते आठवलं आणि मला तिथे बसवेना.

आ-फंग मात्र हसली. "सहा तास उकळल्यावर त्यात काय उरतंय गं पोरी? तुझ्या आजीला विचार जा."

दुसऱ्या दिवसापासून मी उलट केलं. कोंबडीचे तुकडे काढून घेतले आणि सोयाबीन, दाणे, सोयाची साय असं सगळं आ-फंगच्या तळहाताएवढं मोजून तिच्या वाटीत घातलं. कढणाने पोट भरतं, म्हणून वूने ते बंद करायला सांगितलं होतं. पण सहा तास शिजवलेलं कढण मोरीत ओतायचं माझ्याच्याने होईना. ते मी माझ्या वाटीत घेतलं.

आ-फंगने तिची वाटी बघितली, मग माझी.

"हे काय?"

"जेवण."

"आणि ते?"

"कढण. मी पितो."

"तू पितोस."

"ती मुलगी काय म्हणाली ते ऐकलंस ना? सगळं या चोथ्यात आहे."

तिने जेवणाच्या काड्यांनी सोयाबीनचा एक दाणा उचलला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी हजार वेळा भांडली असेल. त्या दुपारी भांडली नाही.

संध्याकाळी तिने च्येन-हुंगला फोन लावला. मी स्वयंपाकघरात होतो, दार उघडं होतं. "तुझे बाबा आता कढण पितात," ती सांगत होती. "मला चोथा देतात. नाही रे, रागावले वगैरे नाहीत. वय झालं की माणसाला आपल्या जिवाचं वाटायचंच. पिऊ दे. त्यांनी पण खूप केलंय."

मग त्याचा मला फोन आला. "बाबा, आई रडत होती."

"तुला तरी पटतंय का, की चोथ्यातच सगळं असतं?"

"मला माहितीय बाबा. पण तुम्ही कढण पिता कशाला तिच्यासमोर? ओतून द्या ना."

दुसऱ्या दिवशी ओतलं. मोरीत काळं पाणी जाताना तिने बघितलं आणि भिंतीला धरून धरून उठायला लागली. "डोकं फिरलं का तुझं? अख्ख्या भांड्याचा जीव मोरीत ओततोस?" तिचा तोल गेला, मी धावत जाऊन सावरलं. त्यानंतर मी कढण पुन्हा प्यायला लागलो, ओट्याशी उभा राहून, तिच्याकडे पाठ करून. तिला घोट ऐकू जायचे.

तिच्या घशाखाली काही उतरत नव्हतं. दीड वर्ष पातळ पिऊन पोट आक्रसलेलं. चार घास झाले की काड्या खाली. मी सोयाबीन वाटून दिले, आलं घालून टोफू वाफवला, नाक्यावरून दाट सोयादूध आणलं. ती चव घ्यायची आणि म्हणायची, "छान झालंय, तू घे," आणि उरलेलं काड्यांनी माझ्या वाटीत सरकवायची. चांगला तुकडा माझ्याकडे सरकवायची तिची सवय लग्नापासूनची. मी तो परत तिच्या वाटीत टाकायचो. ती परत माझ्या. एकच टोफूचा तुकडा गार होईपर्यंत इकडून तिकडे फिरायचा. आयुष्यभर मी इंजिनं उघडली, काय बिघडलंय ते कळलं की दुरुस्त झालं म्हणून समजायचं. इथे काय बिघडलंय ते मला पक्कं ठाऊक होतं, लागणारा माल समोर वाटीत होता, आणि तो आत घालायचा कसा तेच मला येत नव्हतं.

मासा तरी चालेल का म्हणून मी देवीला विचारून आलो. आ-फंगचं नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं सांगितलं आणि कौलाचे ते दोन अर्धचंद्र लाकडी तुकडे जमिनीवर टाकले. दोन्ही सपाट बाजू वर करून पडले. म्हणजे देवी नुसती हसली, हो म्हणाली नाही की नको म्हणाली नाही. तीनदा टाकले, तिन्ही वेळा हसली.

"हसणारच," आ-फंग म्हणाली. "शब्द दिला मी, आणि विचारायला गेलास तू. आणि पोराच्या जिवावर दिलेला शब्द मी मागे घेईन असं वाटलं तरी कसं तुला?"

तीन महिने संपायला तीन आठवडे उरले असताना ती एकाएकी खायला लागली. मी वाटी पुढे केली, तिने ती रिकामी केली. संध्याकाळी पुन्हा. डोळ्यांत पाणी यायचं, घास अडकायचा, कोमट पाण्याचा घोट घेऊन ती तो खाली ढकलायची. चौथ्या दिवशी माझ्याने राहवलं नाही.

"एकदम काय झालं म्हातारीला?"

"तू कढण पितोयस ना नीट?" तिने विचारलं. "दोन्ही वाट्या पी. मी खाते हे. गुडघ्यांचं काही होणार नाहीये, मला कळतं. मग मला उचलायचं, आंघोळ घालायची, सगळं तुलाच करायचंय. बळ तुझ्यात हवं. चोथा काय, मला चालेल."

मी तोंड उघडलं. तिला समजावायचं होतं, की उलट आहे गं, सगळं उलट आहे, तू खातेस तेच खरं. पण ती काड्यांनी पुढचा घास उचलत होती, आणि समजावलं असतं तर तो तिने खाली ठेवला असता. म्हणून मी ओट्याकडे गेलो, वाटी उचलली आणि तिला दिसेल असा उभा राहून शेवटपर्यंत प्यायलो. ती समाधानाने बघत होती. मला ओरडावंसं वाटत होतं.

शेवटच्या तपासणीत आकडा दोन पूर्णांक नऊ आला. वूचा चेहरा उजळला. म्हणाली, तीन आठवड्यांत एवढं म्हणजे पुष्कळच. डॉक्टरांनी मात्र पुन्हा पोटरी धरली, आ-फंगला हात धरून उभं करून बघितलं आणि चौथ्या सेकंदाला खाली बसवलं.

"आत्ता नको," ते म्हणाले.

"मग कधी?" मी विचारलं.

"वय बघता... गोळ्यांनी दुखणं आटोक्यात ठेवू. पुढे बघू."

त्यांनी पुढची तारीख दिली नाही. आ-फंगने वाकून त्यांचे आभार मानले. घरी येताना खुर्ची उचलणाऱ्यांना ती सांगत होती, की जिन्याच्या तिसऱ्या वळणावर पायरी फुटलेली आहे, जपून.

पुढच्या पंधराव्या तिथीला सकाळी ती बाल्कनीत बसली होती. देवळावर वाफ धरली होती. आत येऊन तिने केस विंचरले, निळा सदरा घातला आणि पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, "चल माकडा, ने मला."

"पायांनी जाणार होतीस ना."

"ने म्हणते ना."

मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसलो. तिने माझ्या गळ्यात हात टाकले, मी तिचे पाय दोन्ही बाजूंनी धरले आणि उठलो. उठताना जोर लावावा लागेल म्हणून तयारीत होतो, तो लागलाच नाही. भाताचं पोतं याहून जड असतं. माझ्या हातांत तिचे पाय नुसते लोंबत होते. प्रत्येक वळणावर थांबू, दम घेऊ, असं मी ठरवलं होतं. तिसरं वळण आलं, फुटकी पायरी मी ओलांडली, आणि थांबायची गरज पडली नाही. खाली पोचलो तेव्हा मला साधी धापही लागली नव्हती. माझ्या मांड्या खांबासारख्या घट्ट होत्या, आणि त्या कशाने घट्ट झाल्या होत्या ते मला माहीत होतं.

दारात शेजारणी उभ्या राहून बघायला लागल्या. आ-फंगने तोंड माझ्या कानाशी आणलं.

"बघ," ती म्हणाली, आवाजात नुसता आनंद होता, "कढण अंगी लागलं की नाही तुझ्या?"

"लागलं," मी म्हणालो, आणि तिला घेऊन रस्ता ओलांडला.